गुडघेदुखीसाठी घेतलेल्या कर्क्युमिन कॅप्सूल आणि माझे यकृत

गुडघेदुखीवर उपाय म्हणून मी हळद आणि काळ्या मिरीचा अर्क असलेल्या कर्क्युमिन (हळदीतील मुख्य गुणकारी मानले जाणारे द्रव्य) कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ एक याप्रमाणे, सलग अडीच महिने घेतल्या. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीच्या कॅप्सूल अनेक कंपन्या विकतात आणि माझा आक्षेप मुख्यतः लेबलावर आहे.

गुणाची बाजू आधी सांगतो. कॅप्सूल गिळायला सोपी होती, पोटात जळजळ झाली नाही आणि तिसऱ्या आठवड्यापासून जिना उतरताना गुडघ्यात येणारी कळ कमी झाली. ती कॅप्सूलमुळेच कमी झाली असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण आराम पडला होता हे खरे.

दहाव्या आठवड्यात मात्र भूक मेली, अंग सतत जड राहू लागले आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली. रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) ६१२ आले, ज्याची वरची मर्यादा साधारण ४० धरतात, बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) ४.१ होते, म्हणजे कावीळ उघडच होती. कोणती औषधे चालू आहेत असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी फक्त रक्तदाबाची गोळी सांगितली. काढा, चूर्ण, एखादे टॉनिक असे त्यांनी खोदून विचारल्यावर मला ती बाटली आठवली. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीतही काही सापडले नाही. कॅप्सूल बंद केल्या आणि सात आठवड्यांनी आकडे पूर्ववत झाले.

त्यानंतर मी बाटली हातात घेऊन लेबल पहिल्यांदा नीट वाचले. समोर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण नैसर्गिक’ आणि त्याखाली ‘यकृतासाठी हितकर’ असे छापलेले होते. मागे, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक टायपात, हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये) ९५ टक्के, पायपेरिन (मिरीतील तिखट द्रव्य) ५ मिलिग्रॅम, अशी माहिती होती. साध्या हळद पुडीत कर्क्युमिनचे प्रमाण सुमारे ३ टक्के असते. त्या हिशेबाने एका कॅप्सूलमध्ये जवळपास १५ ग्रॅम हळदीचे कर्क्युमिन होते आणि मी दिवसाला ३० ग्रॅमचे घेत होतो. भाजीत चिमूटभर हळद घालणाऱ्याच्या अनुभवावरून या मात्रेविषयी काहीच ठरवता येत नाही.

पायपेरिनचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. कर्क्युमिन एरवी आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याचा निचरा शरीर लवकर करते. मिरीतील पायपेरिन हा निचरा मंदावते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर माणसांच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता २० पट वाढल्याचे दिसले. जाहिरातीत हाच आकडा अभिमानाने मिरवला जातो, पण रक्तात अधिक पोहोचणारे द्रव्य यकृतालाही अधिक भेटते, हे कोणी सांगत नाही.

माझा अनुभव एकट्याचा नाही. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील संशोधकांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीशी संबंधित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. दहापैकी ७ जणांमध्ये एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार आढळला, त्यामुळे तेच उत्पादन एकाला पचते आणि दुसऱ्याला कावीळ करते, याचा थोडाफार उलगडा होतो. इटलीने तर अशा प्रकरणांनंतर हळदीच्या पूरकांवर (सप्लिमेंटवर) यकृताबाबत इशारा छापणे बंधनकारक केले. लाखो लोक ही पूरके घेतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना त्रास होतो, हे मला मान्य आहे. परंतु ते थोडे कोण, हे बाटली उघडताना कोणालाच माहीत नसते.

ग्राहक सेवेने निराशा केली. तपासणीचे अहवाल पाठवल्यावर चार दिवसांनी उत्तर आले, त्यात दिलगिरी होती आणि सोबत त्यांचेच सिलिमरिनयुक्त (मिल्क थिसल या वनस्पतीच्या अर्काचे) ‘लिव्हर टॉनिक’ घेण्याचा सल्ला होता. सुजलेल्या यकृतावर आणखी एका अर्काचा भार टाकावा, ही सूचना मला संतापजनक वाटली. सिलिमरिनची बाजूही भक्कम नाही: इंटरफेरॉन या विषाणूविरोधी औषधाचा गुण न आलेल्या हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते मोठ्या मात्रेत २४ आठवडे देऊनही एसजीपीटी निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक उतरले नाही.

पाचपैकी एक तारा देत आहे, तोही मागच्या बाजूला का होईना, मात्रा खरी छापल्याबद्दल. ‘यकृतासाठी हितकर’ हे शब्द काढून त्या जागी थकवा, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास कॅप्सूल थांबवून डॉक्टरांना दाखवावे, अशी सूचना कंपनीने छापली, तर मी हे परीक्षण बदलेन.