लिंबाची पानं वळतायत: बोट की मॉइश्चर मीटर?
पानं वळली की झाडाला तहान लागली असंच वाटतं, पण मुळं कुजली तरी झाड पाणी ओढू शकत नाही आणि पानं तशीच मलूल होतात, म्हणून प्लीज आधी माती आतून ओली आहे का ते बघा, बोट खुपसून किंवा मॉइश्चर मीटरने (मातीत खुपसलं की ओल दाखवणारं छोटं यंत्र). बोटाला खर्च शून्य, फक्त ते ५-६ सेंमीच आत जातं आणि मोठ्या कुंडीत ओल तळाशी साचते. मीटर खोल पोचतं, पण साधं मीटर मातीतून वीज किती वाहते त्यावर चालतं, त्यामुळे खताचे क्षार साचले की माती आहे त्यापेक्षा ओली दाखवतं, आणि टोकं पुसली नाहीत तर गंजतात. लहान कुंडीला बोटच बरं. खोल कुंडी असेल तर मीटर घ्या, पण आधी ओल्या आणि सुकलेल्या मातीतलं रीडिंग बघून ठेवा.