४५८ लॉट म्हणून भलतीच रायफल गळ्यात मारली, सेकंडहँड घेणाऱ्यांनी नक्की वाचा

मी ११ वर्षं जोहान्सबर्गला आहे, पर्मनंट रेसिडेन्सी आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच आहे, पण इथे लायसन्स काढून खाजगी फार्मवर रीतसर शिकार करता येते. इम्पाला, कुडू ही हरणं झाल्यावर मला केप बफेलोला, म्हणजे इथल्या रानरेड्याला जायचं होतं, लिम्पोपोमध्ये बुकिंग पण केलं, आणि मोठी रायफल शोधताना फसलो.

मनात ३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) होती. १९१२ पासूनचं कॅलिबर, ३०० ग्रेनची (साधारण १९ ग्रॅम) गोळी साधारण २५०० फूट पर सेकंदने जाते, आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी अशा जनावरांसाठी कमीत कमी हेच लागतं, आणि धक्का खांद्याला सोसवतो त्यामुळे नेम बिघडत नाही. पण दुकानातले ते वयस्कर गृहस्थ (इकडच्या रीतीने मी त्यांना ओम म्हणायचो, म्हणजे काका) म्हणाले, अरे ३७५ म्हणजे जेमतेम पास, जखमी बफेलो अंगावर आला की कळेल, तुला ४५८ लॉट देतो, ३७५ पेक्षा जाड आणि ताकदवान काडतूस. मग जॅक लॉट नावाच्या शिकाऱ्याला मोझांबिकमध्ये बफेलोने कसं उडवलं आणि त्यातून हे कॅलिबर कसं निघालं ती सगळी गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे, म्हणूनच मला पटलं.

रायफल जुन्या माउझर अ‍ॅक्शनवरची (म्हणजे बोल्टची यंत्रणा), मूळची ४५८ विनचेस्टर मॅग्नम, "लॉटला कन्व्हर्ट केलेली". एक डमी (बिनदारूचं) काडतूस हाताने चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, घालून बोल्ट बंद करून दाखवला, झालं. मी पूर्ण पैसे भरले, कारण इथे आधी रायफल घ्यायची मग तिच्या नंबरवर लायसन्सचा अर्ज, तोवर ती डीलरच्या तिजोरीत. पाच महिने तिला हातसुद्धा लावला नाही.

लायसन्स आलं, रेंजवर गेलो, मॅगझिन भरायला घेतलं तर काडतूस आतच बसेना, टोक पुढच्या भिंतीला अडतंय. विन मॅग (विनचेस्टर मॅग्नम) मुद्दाम आखूड केलेलं काडतूस आहे, साध्या अ‍ॅक्शनमध्ये मावावं म्हणून, साधारण ३.३४ इंच. लॉट ३.६ इंच, ३७५ एच अँड एच एवढंच लांब. ह्यांनी फक्त चेंबर खोल केला होता, मॅगझिन आणि फीड रेल्सना (काडतूस चेंबरकडे नेणाऱ्या पट्ट्यांना) हातच लावला नव्हता! म्हणजे लॉटची एक गोळी हाताने घालून मारायची, आणि रेडा अंगावर आला तर दुसरी गोळी नाहीच. हे मला रेंजवर कळलं, झुडपात कळलं असतं तर काय झालं असतं ह्या विचाराने अजून झोप उडते.

फोन केला तर ओम शांतपणे म्हणाले, विन मॅग भर ना, त्याच चेंबरमध्ये चालतं. चालतं हे खरंय, पण मग मी लॉटचे जास्तीचे पैसे कशाचे दिले? वर बिलावर "फूटस्टूट्स" लिहिलेलं दाखवलं, म्हणजे आहे त्या अवस्थेत विकलं. तिथे मी गप्प बसलो आणि दोन आठवडे वाया घालवले. नंतर वकील मित्राने सांगितलं की दोष माहीत असून लपवला तर ते कलम टिकत नाही, आणि २००८ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे धंदा म्हणून विकणाऱ्या दुकानदाराकडे माल हातात आल्यापासून ६ महिन्यांत दुरुस्ती किंवा पैसे परत मागता येतात.

तुमच्यापैकी कोणी कन्व्हर्ट केलेली रायफल घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी डमी काडतुसांनी मॅगझिन पूर्ण भरा, बोल्ट जोरात मागेपुढे करून सगळी एकामागून एक चेंबरला जाऊन बाहेर पडतात का बघा, सावकाश पण आणि घाईत पण. विकणारा हाताने एकच घालून दाखवत असेल तर तिथून उठा. काम कोणत्या गनस्मिथने केलं आणि नेमकं काय काय बदललं ते लेखी घ्या. आणि ३७५ घ्यायला गेला असाल तर ३७५ च घेऊन या.

रायफल परत दिली तर दुसरीसाठी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा महिने, म्हणून मी दुरुस्तीच मागितली आहे, लेखी. ओमचं उत्तर अजून नाही. बुकिंग जुलैचं आहे, ते ठेवलंय, पीएचच्या (प्रोफेशनल हंटर, सोबतचा व्यावसायिक शिकारी) देखरेखीखाली त्याचीच ३७५ वापरणार आहे.