गुडघ्याच्या व्यायामाचं ॲप: पावसाळ्यापासून वापरतेय, खरं काय ते सांगते

दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जरा जास्तच. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन एवढ्यात नको, मांडीचे स्नायू मजबूत करा आणि वजन उतरवा. फिजिओचं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणजे गुडघा दाखवायला गुडघ्याचेच हाल! म्हणून मुलीने फोनमध्ये हे ॲप टाकून दिलं. तक्रारी आहेत म्हणून नाव लिहीत नाही.

व्यायाम साधेच आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद दाबून धरायची, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं. व्हिडिओ काय, यूट्यूबवर ढीगभर आहेत फुकट. मला पटलं ते वेगळंच, व्यायाम झाल्यावर आणि परत दुसऱ्या दिवशी सकाळी ते विचारतं की दुखणं शून्य ते दहामध्ये किती. पाचपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं असेल तर तेवढाच व्यायाम चालू ठेवा म्हणतं, नाही उतरलं तर आपणहून कमी करतं. आपल्याकडे जरा दुखलं की सगळे म्हणतात बसून राहा, पण कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण दाब पडून सुटला की होतं, म्हणजे हालचाल हवीच. (आणि शेजारच्या काकू देतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच गुडघेदुखीसाठी घेऊ नका म्हणून सांगितलंय. काकू ऐकतील तर ना.)

आता ॲप फोनच्या कॅमेऱ्याने व्यायाम मोजतं त्याबद्दल. अख्खं शरीर दिसायला हवं म्हणे, मग टीपॉय सरकवा, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवा, सहा-सात फूट मागे जा, आणि गाऊनमध्ये गुडघा दिसत नाही म्हणून ॲपमधली बाई सारखी ‘पैर सीधा कीजिए’. मराठी नाहीच. निम्मे व्यायाम जमिनीवर झोपून, अहो जमिनीवरून उठता येत असतं तर ॲप कशाला घेतलं असतं, मी पलंगावरच करते.

पण खरी गोची पुढे आहे. खुर्चीला धरून थोडं खाली वाकायचं त्यात माझा उजवा गुडघा आत वळत होता आणि ॲप खुशाल हिरवी टिक देत होतं. फिजिओताईंनी एका नजरेत पकडलं, पाय जरा फाकवून उभं केलं, आतल्या बाजूची कळ त्यानंतर बरीच कमी झाली. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ग्लॅड नावाचा कार्यक्रम आहे, त्यात सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा फिजिओसमोरच व्यायाम करून घेतात, ते का हे आता कळतंय. गुडघा सुजला, गरम लागला किंवा मध्येच अडकला तर हे ॲप काही विचारतही नाही, तेव्हा सरळ डॉक्टर गाठा.

फायदा झाला का? झाला. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं, जिना चढते, उतरताना मात्र अजून कठडा लागतोच. सबस्क्रिप्शन परत भरणार नाही बहुतेक, व्यायाम पाठ झालेत आणि दुखण्याचा आकडा कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिता येतोच की.