गँटप्रोजेक्ट: छोट्या म्युझियमवाल्यांनी प्रदर्शनासाठी वापरून बघाच

प्रदर्शनाचं टाइमटेबल अजून एक्सेलमध्ये रंग भरून करत असाल तर गँटप्रोजेक्ट हे कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा. फुकट, ओपन सोर्स, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. पणजीतल्या आमच्या प्रदर्शनाचं, जुने फोटो, कागदपत्रं आणि थोडी नाणी होती, सगळं प्लॅनिंग यावरच केलं.

यातलं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे कामं एकमेकांना जोडता येतात. नवीन प्लायच्या शोकेसमधून आम्लाची वाफ निघत राहते, शिशाला आणि तांब्याला ती लागते, म्हणून शोकेस झाल्यावर काही आठवडे उघडी ठेवायची आणि मगच नाणी आत. आता मेस्ताने, म्हणजे सुताराने, शोकेस आठ दिवस उशिरा दिली तर पुढचं सगळं आपोआप सरकतं आणि उद्घाटनाची तारीख धोक्यात आहे हे त्याच दिवशी कळतं, आदल्या रात्री नाही.

क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला तर शेवटची तारीखच पुढे जाते ती साखळी, तर जरूर लावून बघा. सगळ्यांचं लक्ष सुतारकामावर असतं पण आमच्याकडे तारीख अडवणारी होती ती लेबलं, कारण मजकूर लिहा, मग मराठी कोंकणी इंग्रजी करा, तपासा, डिझाइन, प्रूफ, छपाई, एकामागून एकच होतं हे. ते दिसल्यावर मजकुराचं काम आम्ही सगळ्यात आधी सुरू केलं.

सुट्ट्या आपल्या आपण घालता येतात, गोव्यात हे फार महत्त्वाचं. चवथीला (गणेश चतुर्थी) कोणी कामाला येणार नाही, नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट झेवियरचा उत्सव), मग नाताळ. बाहेरून आलेली वस्तूंची पेटी आपल्या दमट हवेत लगेच उघडायची नसते, २४ तास तशीच ठेवायची, त्याचीही वेळापत्रकात वेगळी ओळ घाला म्हणजे कोणी घाई करत नाही. दुसऱ्या संस्थेकडून वस्तू मागवणार असाल तर ती ओळ निदान सहा महिने आधी सुरू व्हायला हवी, वर्षभर मिळालं तर उत्तमच.

बेसलाइन सेव्ह केली की मूळ प्लॅन आणि आत्ताची स्थिती शेजारी दिसते, ट्रस्टींना दाखवायला एकदम बरं.

फक्त कामं बारीक पाडून आपणच घालायची, सॉफ्टवेअर ते सांगत नाही. आणि फाइल एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा, बाकीच्यांना दर सोमवारी पीडीएफ काढून द्या.