मणक्याची झिजलेली गादी: मूलपेशी की जेल?

एमआरआयमध्ये कमरेची शेवटची गादी काळी दिसू लागली, फिजिओथेरपीत वर्ष गेले आणि फ्यूजनच्या, म्हणजे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडण्याच्या, शस्त्रक्रियेला मन धजत नव्हते, तेव्हा अमेरिकेत माझ्यापुढे नव्या उपचारांच्या चाचण्यांच्या दोन वाटा उरल्या: दात्याच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या मूलपेशी गादीत सोडणे किंवा तिची गेलेली उंची जेलने भरून काढणे. दोन्ही संमतिपत्रे महिनाभर उलटसुलट वाचून मी जेल निवडले.

पेशींची कल्पना अधिक मोहक आहे, हे मान्य करावे लागेल. हायलुरोनिक आम्लासह (शरीरातच असणारा वंगणासारखा पदार्थ) सुमारे 60 लाख पेशी एकाच इंजेक्शनने दिल्या जातात. परंतु मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात आणि पोषण मणक्यांकडून झिरपत येते. झिजलेल्या गादीत तर प्राणवायू कमी व आम्लता जास्त, तेव्हा तिथे नवख्या पेशी किती तग धरतील, ही शंका मला राहून राहून येई. या पेशींच्या आधीच्या, 404 रुग्णांच्या चाचणीत वेदना कमी झालेली दिसली, तरी ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नव्हते.

तरीही माझा निर्णय झाला तो सलाइनमुळे. पेशींच्या चाचणीत काही जणांना पेशींऐवजी निव्वळ सलाइन मिळणार होते आणि कोणाला काय मिळाले, हे वर्षभर सांगितले जाणार नव्हते. शास्त्राच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण मोजे चढवताना पलंगाची कड धरणाऱ्या माणसाने, आजचा आराम औषधाचा की मनाच्या समजुतीचा, हे रोज चाचपडत बसावे, हे मला झेपणारे नव्हते. जेलच्या चाचणीतही चिठ्ठ्या टाकतातच, मात्र ज्याच्या वाट्याला जेल येत नाही, त्याला ते सरळ कळते.

जेल सुमारे 65 अंशांवर तापवून पातळ करतात. सुईने आत गेल्यावर ते घट्ट होते आणि त्यातील बेरियम सल्फेटमुळे एक्स-रेमध्ये पांढरे उठून दिसते. आठ महिन्यांनी मी उभ्याने मोजे घालतो, गाडी मात्र दीड तासाने थांबवावीच लागते. जेलने गादी पुन्हा जिवंत होत नाही, ते जागचे सरकण्याची भीतीही असते; गादीचे बाहेरचे कडे बरेच फाटले असेल, तर जेलच्या वाटेला न जाणे बरे. वय कमी आणि गादीची उंची बऱ्यापैकी शाबूत असेल, तर पेशींचा विचार करणे कदाचित गैर ठरणार नाही.

पुण्याचा मावसभाऊ तिकडच्या एका दवाखान्याचे मूलपेशींचे दरपत्रक पाठवून मत विचारत होता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार मान्य चाचणीबाहेर देता येत नाहीत, म्हणून ते दरपत्रक मी या तुलनेत धरलेलेच नाही.