अशोक चौकाजवळचं एक्स-रे सेंटर आणि अक्काची छाती

मी ३१ वर्षं एक्स-रे टेक्निशियन होतो, त्यातली निम्मी डार्करूममध्ये गेली. म्हणून फिल्म हातात आली की रिपोर्टच्या आधी मी फिल्म वाचतो.

आमच्या अक्काचं वय ६८, जन्मभर बिड्या वळल्या. तीन आठवडे खोकला हटेना म्हणून भाच्याने तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे छातीचा फोटो काढून ‘हृदय मोठं दिसतंय’ म्हणाले आणि पुढच्या महागड्या तपासण्या लिहून दिल्या. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी मी फिल्म खिडकीशी धरली. पाठीमागच्या बरगड्या मोजल्या तर छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर जेमतेम सात. श्वास पूर्ण भरला असेल तर नऊ-दहा दिसतात. दोन्ही खवाटे फुप्फुसांवर आलेले, उजवा खालचा कोपरा कापलेला, मधोमध मंगळसूत्राच्या वाट्या. अक्काला विचारलं तर स्टुलावर बसवून, पाठ प्लेटला टेकवून समोरून शॉट मारला होता. असा काढला की हृदय प्लेटपासून लांब राहतं आणि सावली मोठी पडते. त्यात श्वास अर्धवट, म्हणजे पडदा वर सरकून हृदय आडवं पसरतं. या फिल्मवरून हृदयाचं माप काढायलाच नको होतं. मला फार राग आला, अजूनही आहे.

मग डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अशोक चौकाजवळच्या या सेंटरला गेलो. मशीनवर एक तरुण मुलगी होती. तिने आधी नाव-वय विचारून चिठ्ठीशी ताडून पाहिलं. मंगळसूत्र, दंडातला ताईत काढायला लावला, हूकवाल्या ब्लाउजऐवजी गाऊन दिला, वेणी वर बांधली. अक्काला उभं करून छाती स्टँडला टेकवली, खांदे पुढे घेतले, ट्यूब सहा फुटांवर. आणि श्वास कसा भरायचा, कसा धरायचा हे तेलुगूत सांगून दोनदा करून घेतलं. आमच्या घरात तेलुगूच बोलतात. मराठीतलं ‘श्वास रोखा’ ऐकलं की अक्का घाबरून आहे तिथेच थांबते, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

शॉट झाल्यावर ‘अक्का, गाऊन सोडू नका, बघते’ म्हणाली आणि स्क्रीनवर बरगड्या मोजल्या. दहा. दोन्ही कोपरे आत, उजवी बाजू दाखवणारा ‘आर’चा मार्कर जागेवर. डावा खवाटा किंचित आत होता, पण त्यामागचं फुप्फुस स्वच्छ दिसत होतं, तेवढ्यासाठी तिने पुन्हा शॉट घेतला नाही. मला हे सगळ्यात आवडलं. फोटो सुबक यावा म्हणून पेशंटला जास्तीचं रेडिएशन द्यायचं नसतं.

टेबलावर बाद फोटोंची वही होती: तारीख, कोणता फोटो, का बाद झाला. आमच्या वेळी एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, चूक लगेच पकडली जायची. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर ते सावरून घेतं आणि जास्तीच्या डोसचा फोटो उलट छानच दिसतो. म्हणून दर फोटोसोबत येणारा एक्स्पोजरचा आकडा बघावा लागतो. मी विचारल्यावर तिने तो लगेच दाखवला. एईआरबीचं, म्हणजे एक्स-रे मशीनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन्स समोरच्या भिंतीवर लावलेलं आहे.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावून पाहिल्या. हृदय नॉर्मल. लिहून दिलेल्या तपासण्या रद्द केल्या, खोकल्यासाठी थुंकी मात्र तपासायला सांगितली.

तक्रारी दोन. दाराशी पाच उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, अक्काला दोघांनी धरून चढवलं. दुसरी, व्हॉट्सॲपवर पाठवतात तो स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो असतो, त्यात ट्यूबलाइट चमकते. इतकं जपून काढलेल्या फोटोची शेवटी माती होते. तो डॉक्टरांना दाखवू नका, फिल्म किंवा सीडी मागून घ्या. रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर मिळतो. जुनी फिल्म असेल तर सोबत न्या, तुलना करून लिहितात.