लटकवायचा डिजिटल वजनकाटा, ५० किलोवाला: कॅपस्टोनसाठी (कोर्सच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी) पाच महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

रिव्ह्यू मोठा होणारे, आधीच सांगते. काट्याबद्दल लिहायचं तर प्रोजेक्टबद्दल लिहावंच लागेल, आणि पुढच्या बॅचच्या चौघीपाचजणींनी मला एकच प्रश्न विचारलाय की सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंटच्या कॅपस्टोनला तू कुठलं सॉफ्टवेअर घेतलंस. सॉफ्टवेअर नाही घेतलं. एक्सेल वापरलं आणि हा काटा घेतला, नागदेवी स्ट्रीटवरून, मस्जिद बंदरला उतरून चालत गेले, साडेतीनशेला मिळाला, दोन पेन्सिल सेल त्यातच. दिसायला अगदी साधा, वर धरायला हँडल, खाली स्टीलचा हुक, मध्ये छोटा स्क्रीन. माझ्या रिपोर्टमधले बहुतेक सगळे आकडे याच्यातूनच आलेत, म्हणून हे मनापासून लिहितेय.

माझा पहिला टॉपिक होता मुंबईतलं घनकचरा व्यवस्थापन. मी मुलुंड पूर्वेची, कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडचा वास घेत मोठी झालेय, पावसाळ्यात रात्री खिडक्या लावून झोपायचो आम्ही, २०१८ ला ते डंपिंग बंद झालं तेव्हा आईने खरंच पेढे आणले होते. त्यामुळे विषय डोक्यात पक्का होता. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं, २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेली आग, कांजूरचं बायोरिअॅक्टर (कचरा बंदिस्त कुजवून गॅस काढायची सोय), सगळं वाचून काढलं, वीस पानं लिहून गाईड सरांकडे गेले. सरांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यात तू स्वतः मोजलेलं काय आहे?" काहीच नव्हतं. सर म्हणाले, "मुंबई राहू दे, एक बिल्डिंग घे. पण खरी घे." त्या दिवशी वाईट वाटलं पण माझा प्रोजेक्ट सुरू झाला तो तिथून.

मग आमचीच सोसायटी घेतली, ४८ घरं. आणि इथे मी एक मोठी चूक केली जी तुम्ही करू नका. मी गृहीत धरलं की आमची सोसायटी रोज १०० किलोच्या वर कचरा करत असणार, कारण तेव्हाच्या, २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला बल्क वेस्ट जनरेटर म्हणायचे आणि ओल्या कचऱ्याची सोय आपल्याच आवारात करायची जबाबदारी त्याच्यावर यायची, म्हणजे माझा रिपोर्ट छान बसला असता, कायदा आहे, सोसायटी पाळत नाही, उपाय हा घ्या. प्रपोजल तसंच लिहिलं. सेक्रेटरी काकांना विचारलं किती कचरा होत असेल, ते म्हणाले पंचवीस किलो असेल गं जेमतेम. मी शंभर म्हणतेय, ते पंचवीस. काटा लावला तर चौदा दिवसांची सरासरी ६४ किलो निघाली. दोघंही चूक! त्यातला ४१ किलो ओला.

म्हणजे तो १०० किलोचा नियम आम्हाला लागूच होत नव्हता. प्रपोजलमधली चार पानं गेली. पण खरं सांगू का, त्यानंतरच प्रोजेक्टला अर्थ आला, कारण आता प्रश्न असा झाला की ज्यांच्यावर ती सक्ती नाही अशी मध्यम आकाराची सोसायटी स्वतःहून किती करू शकते, आणि मुंबईत अशा सोसायट्या किती आहेत ते आजूबाजूला नजर टाकली तरी कळतं. साडेतीनशेच्या काट्याने माझं गृहीतक पाडलं ते फेब्रुवारीतच, हे माझं नशीब. मे महिन्यात कळलं असतं तर काही करता आलं नसतं.

आता काट्याबद्दल नीट. घेतल्यावर पहिलं काम म्हणजे तो खरा बोलतो का ते बघणं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, घरी पाण्याने तपासा, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो इतकं सोपं आहे. मी पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार घेतला, रिकामा लटकवून शून्य केलं, मग मापाच्या भांड्याने ५, १०, १५ लिटर भरत गेले आणि प्रत्येक वेळचं वजन लिहून ठेवलं, फरक कुठेच ५० ग्रॅमच्या वर गेला नाही. हे टेबल रिपोर्टला जोडलं आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी सगळ्यात आधी तेच पान उघडलं. आमच्याकडे घरात जुना स्प्रिंगचा काटाही होता, त्यावर हेच केलं तर १५ किलोला तो चौदाच्या आसपास दाखवत होता, शिवाय काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला की वाचणारा आपल्या सोयीने वाचतो. बाथरूममधल्या वजनाच्या काट्यावर पिशवी घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं हा प्रकारही दोन दिवस केला, दर वेळी वेगळं उत्तर, नका करू.

टेअरचं बटण नीट चालतं. बादली अडकवा, बटण दाबा, शून्य होतं, मग फक्त कचऱ्याचं वजन. माझ्या पहिल्या तीन दिवसांचा डेटा मी फेकून दिला कारण बादलीचं वजन धरलं की वजा केलं हे वहीत लिहिलंच नव्हतं. वहीत दर वेळी तारीख, वार, वेळ, कुठली बादली, ओला की सुका, पाऊस होता का, आणि कोणी वाचलं हे सगळं लिहायचं. कंटाळा येतो पण लिहायचं.

काटा हातात धरून वजन घेऊ नका, आकडा स्थिर होत नाही, वीस किलोची बादली हातात डुलत राहते आणि पाठ जाते ती वेगळीच. आम्ही स्टिल्टमधल्या (बिल्डिंगखालच्या पार्किंगमधल्या) एका लोखंडी पाइपला दोरीने बांधला, मग आकडा दोन सेकंदात थांबतो, बीप वाजतो आणि लॉक होतो. हे मावशींनी सुचवलं. मावशी म्हणजे आमच्याकडे कचरा गोळा करतात त्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "ताई, हे आमच्या पगाराला तर नाय ना लावणार?" मला ते फार लागलं. त्यांना वाटलं किती किलो उचलतात हे कोणीतरी तपासतंय. मी बसून नीट सांगितलं, वही त्यांना दाखवली, त्यांचा रोजचा अर्धा तास जास्त जाणार होता त्याचे पैसे वेगळे दिले, आणि जाड हातमोजे दोन जोड आणले. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये हा खर्च आधी धरा, काटा नंतर. कचरा आपण मोजतो असं रिपोर्टमध्ये लिहितो पण हात त्यांचे असतात. माझ्या रिपोर्टमध्ये मोजणी कोणी केली त्या जागी त्यांचं नाव त्यांना विचारून घातलंय.

वेळेचं पण सांगते कारण सगळे तिथेच अडकतात. मला वाटलं होतं परमिशनला दोन दिवस लागतील, घरचीच सोसायटी आहे. पाच आठवडे गेले. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, पहिल्या मीटिंगला विषय आलाच नाही कारण गळतीवर भांडण झालं, दुसऱ्या मीटिंगला लेखी पत्र मागितलं. म्हणून टॉपिक फायनल व्हायच्या आधीच पत्र देऊन टाका. मोजणी निदान दोन आठवडे सलग करा, एक आठवडा पुरत नाही, कारण आमच्याकडे रविवारी मासळी-मटणाचा कचरा आणि सोमवारी सकाळी त्याचं वजन, बुधवारी वेगळंच चित्र, आणि एखादी एकादशी आली की नुसती बटाट्याची, केळ्याची सालं. सगळे वार दोनदा यायला हवेत.

आता जूनची गोष्ट, जी सांगायला मी हे लिहायला बसले. मार्च ते मे आम्ही चार ड्रम लावून कंपोस्ट सुरू केलं, १८ घरं तयार झाली, सुका पाला फेब्रुवारी-मार्चमध्येच पोत्यांत भरून ठेवला होता. हिशोबाने महापालिकेच्या गाडीत जाणारा कचरा ६४ वरून पन्नासच्या आत यायला हवा होता. जूनच्या मध्यावर दुसरी मोजणी सुरू केली आणि पहिल्या दिवशी काटा म्हणतो ६६. दुसऱ्या दिवशी ६८. मी तीन दिवस नीट जेवले नाही. सबमिशनला महिना उरला होता आणि माझ्या हातात असा डेटा होता की एवढं सगळं करून कचरा वाढला. काटाच बिघडला म्हणून परत पाण्याने तपासला, बरोबर होता.

चौथ्या दिवशी मावशीच म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाणी मोजताय." बादली तिरकी केली तर खरंच पाणी सांडलं. बादल्या गेटजवळ उघड्यावर ठेवतो आम्ही आणि मुंबईचा पाऊस. निथळायच्या आधी २४ किलो होती ती बादली निथळल्यावर २० ला आली. त्यात आंब्याचा सीझन संपत आलेला, कोयी ड्रममध्ये लवकर कुजत नाहीत म्हणून त्या आम्ही गाडीलाच देत होतो, वेगळ्या मोजल्या तर एका दिवसाच्या ६ किलो. फेब्रुवारीत आंबाही नव्हता आणि पाऊसही नव्हता. मी दोन वेगवेगळ्या ऋतूंची तुलना करत होते आणि त्याला माझ्या कामाचा परिणाम म्हणत होते.

हे नुसतं वजनाचं नाही, पुढचं सगळं त्यावर उभं असतं. ओला कचरा डंपिंगवर हवा न मिळता कुजतो आणि मिथेन होतो, १०० वर्षांच्या हिशोबात मिथेनची उष्णता अडवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट धरतात, आणि मिथेन किती होईल ते काढताना आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००६ च्या गाईडलाईन्समध्ये अन्नाच्या कचऱ्याच्या ओल्या वजनाच्या १५ टक्के कुजणारा कार्बन धरलाय. म्हणजे बादलीत १० किलो पावसाचं पाणी असेल तर कागदावर माझा दीड किलो कार्बन हवेतून तयार झाला! त्यावर पुढे गुणाकार. सॉफ्टवेअर घेतलं असतं तर त्यानेही तेच केलं असतं, दशांशाच्या पुढे दोन घरं जास्त दाखवून.

मग बादल्या स्टिल्टमध्ये छपराखाली घेतल्या, झाकणं लावली, कोयी वेगळ्या लिहिल्या, आणि मोजणी परत पहिल्यापासून चौदा दिवस केली, ऑफिसमधून चार अर्ध्या रजा टाकून. कोयी सोडून सरासरी ५० आली. पावसाचे बिघडलेले चार दिवस मी लपवले नाहीत, वेगळ्या प्रकरणात टाकले, सर म्हणाले हेच तुझं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. व्हायवाला वीस मिनिटांतली बारा त्यावरच गेली.

काट्याचे दोष पण लिहिते. दोन मिनिटं हात लावला नाही की बंद होतो आणि टेअर पुसला जातो, मग बादली रिकामी करून परत सुरुवात, गडबडीत याचा फार त्रास झाला. बॉक्सवर ५ ग्रॅमपर्यंत अचूक लिहिलंय पण अर्ध्या किलोच्या आत मी त्याच्यावर विसंबत नाही, जुने सेल, औषधांच्या पट्ट्या असलं बारीकसारीक स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. पावसाचं पाणी आत जातं, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणाला होता, तसं काही नाही, मी दुधाची पिशवी धुऊन त्यावर चढवली. स्क्रीनला लाईट आहे पण मंद, सकाळी साडेसहाला स्टिल्टच्या अंधारात मोबाइलचा टॉर्च लागतो. आणि भंगारवाल्याकडे सुका कचरा विकताना याचं वजन पुढे करू नका, खरेदी-विक्रीला सरकारी शिक्क्याचाच काटा लागतो, हा फक्त आपल्या मोजणीपुरता. पाचपैकी चार स्टार, एक त्या टेअरचा कापला.

कॅपस्टोन एखाद्या कंपनीत करणार असाल, वीजबिलं, डिझेल, स्कोप वन-टू (कंपनीच्या इंधनाचं आणि विजेचं उत्सर्जन) वगैरे, तर हा काही कामाचा नाही, तिथे बिलांची फाईल मिळवणं हेच मोठं काम. पण कचरा, कॅन्टीनमधलं उरलेलं अन्न, भाजी मार्केटची नासाडी, लग्नाच्या हॉलमधलं उष्टं, यातलं काहीही घेत असाल तर आधी हा घ्या, एक आठवडा घरचा कचरा मोजा आणि मग टॉपिकचं नाव ठरवा.

नवीन घ्यायचा नसेल तर माझा घेऊन जा, वहीच्या पानाचा नमुनाही देते. फक्त गणपतीच्या आधी परत आणा, मावशी आणि मी यंदा सोसायटीचं निर्माल्य मोजणार आहोत.